काचेचा कॅबिनेट

सलीमभाईंनी कॉम्प्युटरचे दोन्ही कॅबिनेट काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि फडक्याला हात पुसत माझ्याकडं बघितलं.

“हे दोन हायत. आता तूच बघ.”

एक काळा, साधा, अंगानं थोराड. समोर सबंध जाळी, जाळीमागं दोन मोठे पंखे, दोन्ही बाजूंच्या दारांना आतून जाड फोम चिकटवलेला. दुसरा समोरून आणि एका बाजूनं काचेचा. सलीमभाईंनी त्याला वायर जोडली तसे आतले चार छोटे पंखे निळे-जांभळे उजळले. माझ्या शेजारी उभी असलेली संयुक्ता लहान मुलीसारखी “अय्या!” म्हणाली आणि लगेच गप्प झाली.

संयुक्ता माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आमच्या सांगलीच्या घरात येऊन तिला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. माहेरी, बार्शीला, ती शाळेत शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी अंध मुलांना पुस्तकं वाचून दाखवायची. त्या वाचनाची एक ध्वनिफीत कुणीतरी पुण्याच्या एका कंपनीला पाठवली. ही कंपनी पुस्तकं वाचून घ्यायची, लोक ती मोबाइलवर ऐकायचे. दोन छोटी पुस्तकं तिनं वाचली होती. आता एक मोठी कादंबरी मिळाली होती. ऐकायला वीस-बावीस तासांची. तीन महिन्यांत पूर्ण करायची होती.

रेकॉर्डिंग घरातच चालायचं. माडीवरची खोली तिच्यासाठी रिकामी केली होती, भिंतींना गाद्या आणि गोधड्या लावल्या होत्या. खिडकी बंद, दार बंद, पंखाही बंद. अशा खोलीत तिचा जुना कॉम्प्युटर गिरणीसारखा घरघरायचा. म्हणून नवीन मशीन घ्यायचं ठरलं. ते आवाज करणारं नको, बंद खोलीत तापणारं नको, आणि आत जागा ऐसपैस हवी, कारण तिच्या रेकॉर्डिंगसाठी मोठ्या हार्ड डिस्क बसवायच्या होत्या. हे सगळं शेवटी येऊन थांबत होतं कॅबिनेटवर, म्हणजे मशीनचे भाग ज्यात बसतात त्या पेटीवर. आतले भाग कुठलेही चांगले घ्या. पेटीत हवा नीट खेळली नाही तर पंखे जोरात फिरतात, आणि पंखे जोरात फिरले की माइक ते ऐकतो.

आमच्या घरात यातलं मला एकटीला कळत होतं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी मिरजेच्या याच दुकानात सहा वर्षं मशीन जोडली होती. माझी मुलगी तीर्था पोटात होती तेव्हा सोडलं. हवा कुठून आत यावी आणि कुठून बाहेर जावी, हे मला सलीमभाईंनीच शिकवलं होतं.

“ताई, तुम्ही सांगाल तो,” संयुक्ता म्हणाली.

मी काचेच्या कॅबिनेटवर बोट ठेवलं. “हा घेऊ.”

सलीमभाई थांबले. “त्रिशला, खोली बंद असती म्हणालीस न्हवं?”

“हो.”

“वरचा पंखा पण लावत नाहीत?”

“नाही.”

“मग?”

“चालेल. दिसायलाही बरा आहे.”

सहा वर्षांत त्यांनी माझ्या तोंडून दिसण्याबद्दल एक शब्द ऐकला नव्हता. मग “तुझी मर्जी” म्हणून त्यांनी काळा कॅबिनेट उचलला आणि मागच्या फळीवर परत नेऊन ठेवला. परत येताना बसमध्ये संयुक्तानं माझा हात धरला. “तुम्ही होतात म्हणून बरं झालं. मला तर कुणीही काहीही गळ्यात मारलं असतं.”

मी खिडकीबाहेर बघत होते.

तिच्याशी माझं भांडण नव्हतं. भांडण व्हावं असं ती काही करायचीच नाही. सकाळी माझ्याआधी उठून चहा ठेवायची, माझ्या वाटणीची भांडी घासून टाकायची. मला खुपायचा तो तिचा आवाज. आमच्या सासूबाईंना टीव्हीवरच्या मालिकेचं नाव आठवायचं नाही, पण तांदूळ निवडताना कानात वायरी घालून त्या संयुक्ताचं पुस्तक ऐकायच्या आणि मध्येच एकट्या हसायच्या. माझा नवरा अजित, ज्यानं लग्नानंतर एक पुस्तक हातात धरलं नव्हतं, तो जेवताना म्हणायचा, “काय वाचतीय गं ती!” हे माझ्याकडं बघून म्हणायचा, जणू त्यात मलाही आनंद असणारच.

आणि तीर्था. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी मी तिला गोष्ट वाचून दाखवत होते. अजित, दीर, सासूबाई, सगळे तिथंच सोप्यात बसले होते. दुसऱ्याच पानावर तीर्थानं माझ्या हातावर हात ठेवला.

“आई, तू नको वाचू.”

“का गं?”

“तू बातम्या सांगितल्यासारखं वाचतेस. काकी वाचेल.”

सगळे हसले. मीही हसले. संयुक्ता स्वयंपाकघरातून घाईनं म्हणाली, “असं बोलू नये तीर्था, आईचं वाचून होऊ दे.” तिनं माझी बाजू घेतली याचाच मला जास्त राग आला.

नवीन मशीन जानेवारीत आलं. थंडीचे दिवस होते, त्यामुळं पहिले दोन-तीन आठवडे कुरकुर झाली नाही. घरातले सगळे एकेक करून माडीवर जाऊन काचेतले दिवे बघून आले. फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन चढलं. मार्चमध्ये एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते तेव्हा संयुक्ता मोबाइल हातात धरून गच्चीवर आली. चेहरा उतरलेला होता.

“कंपनीनं नऊ प्रकरणं परत पाठवली, ताई.”

“का?”

“मागं सतत घरघर आहे म्हणतात. सुरुवातीची ठीक आहेत. नंतरची सगळी परत वाचायला सांगितली आहेत.” ती थोडी घुटमळली. “कॅबिनेटमुळं नसेल ना?”

माझ्या हातात ओली चादर होती. मी ती झटकली.

“छे! कॅबिनेटमुळं कसं होईल? माइक जवळ धरत असशील. थोडा लांब ठेवून बघ.”

माइक लांब ठेवला की वाचणाऱ्याचा आवाज लहान होतो आणि मागची घरघर आणखी उठून दिसते. हे मला माहीत होतं. आणि खोटं कशाला बोलू, ती खाली गेली तेव्हा मला बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी मला पोटभर बरं वाटलं.

ती पुन्हा वाचायला बसली. माइक लांब ठेवून झाला, जवळ ठेवून झाला. मग कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं कॅबिनेटवरच गोधडी टाकली. आवाज दबेल असं तिला वाटलं. तेव्हा मशीन गुदमरून चाळीस मिनिटांत आपोआप बंद पडायला लागलं, आणि बंद पडताना चालू प्रकरणाचा शेवटचा भाग घेऊन जायचं. गोधडी मी पाहिली होती. धुतलेल्या उशा ठेवायला वर गेले तेव्हा पाहिली. त्या खोलीत उभं राहून, ती काढ, असं सांगायला मला एक श्वास पुरला असता. मी उशा ठेवल्या आणि खाली आले.

कंपनीनं मुदत वाढवून दिली, एप्रिलच्या शेवटापर्यंत. सकाळी स्वयंपाक, पाणी, पाहुणे, रस्त्यावरचे भाजीवाले. घर आणि गल्ली शांत व्हायची ती दुपारी एक ते चार. म्हणजे भर उन्हाच्या वेळी ती त्या बंद खोलीत बसायची. चारला बाहेर यायची तेव्हा केस कपाळाला चिकटलेले, ओठ पांढरे. सासूबाई म्हणायच्या, “अगं, जिवापेक्षा जास्त आहे का ते?” ती म्हणायची, “एवढं एकदा होऊ दे, आई.”

एप्रिलचा शेवटचा आठवडा असेल. दुपारी मी खाली गहू वाळवून गोळा करत होते. तीर्था काकीला ताक द्यायला म्हणून वर गेली आणि लगेच तिची हाक आली. वेगळीच हाक.

“आई! काकी उठत नाही!”

जिना मी कसा चढले ते आठवत नाही. दार उघडताच भट्टीसारखी हवा तोंडावर आली. संयुक्ता खुर्चीतून घसरून खाली बसल्यासारखी पडली होती, डोकं टेबलाच्या पायाला टेकलेलं. तीर्था भिंतीला चिकटून उभी होती, ताक तिच्या पायाशी सांडलं होतं. आणि टेबलाखाली गोधडीच्या आत ते मशीन पूर्ण जोरात घोंघावत होतं. काचेतला निळा उजेड गोधडीच्या फटीतून तिच्या गालावर पडला होता.

मी खिडकी उघडली, पंखा लावला, तिला फरशीवर आडवी केली. पाणी मारलं. तिनं डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं असेल तर, “सेव्ह झालं का?”

डॉक्टर घरी आले. ऊन लागलंय म्हणाले, सलाइन लावलं, दोन दिवस उठू द्यायचं नाही असं सांगितलं. संध्याकाळी सगळे तिच्या कॉटभोवती बसले होते. सासूबाई मला म्हणाल्या, “त्या मशीनला काय झालंय ते बघ की गं त्रिशला. तुला कळतंय न्हवं त्यातलं?”

मी काही बोलायच्या आत संयुक्ताच म्हणाली, “मशीनचा काही दोष नाही, आई. ताईंनी चांगलं बघून घेतलंय. मलाच वापरता येत नाही.”

रात्री मला झोप आली नाही, एवढंच सांगते. सकाळी अजित आणि दीर कामाला गेले, सासूबाई मंदिरात गेल्या, तीर्था शेजारी खेळायला गेली. मी लिंबाचं सरबत घेऊन तिच्याजवळ बसले.

“संयुक्ता, तो कॅबिनेट चुकीचा आहे.”

“खराब निघाला?”

“नाही. मी चुकीचा निवडला.”

“असू दे हो ताई. चूक कुणाकडूनही होते.”

“चूक झाली नाही. मला माहीत होतं.”

तिला समजलं नाही. ती सरबताचा घोट घेता घेता थांबली. “काय माहीत होतं?”

“बंद खोलीत तो तापणार. पंखे जोरात फिरणार, ते माइकमध्ये येणार. काळा बरोबर होता. सलीमभाई तेच सुचवत होते. मी मुद्दाम हा घेतला. नंतर माइक लांब ठेव म्हणाले तेही मुद्दाम. गोधडी पाहिली होती, तरी बोलले नाही.”

तिनं पेला खाली ठेवला.

“का?”

तीर्थाचं सांगायचं असं मी रात्रभर ठरवलं होतं. तिच्या आवाजाचं सांगायचं. पण तोंडातून भलतंच आलं.

“ती खोली मी मागितली होती.”

“कुठली?”

“वरची. तीर्था वर्षाची झाली तेव्हा. मला एक टेबल लावायचं होतं. सलीमभाई दुरुस्तीची मशीन घरी पाठवायला तयार होते. मी आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मग धान्य कुठं ठेवू, तुझ्या डोक्यावर? सगळे हसले. मी परत कधी विचारलं नाही.” माझा आवाज चिरकायला लागला होता, मी तो खाली आणला. “तू आलीस आणि आठ दिवसांत धान्याचे डबे जिन्याखाली गेले. आईंनी स्वतः ती खोली झाडली. जिन्याखाली जागा होती, संयुक्ता. तेव्हाही होती.”

“मला हे कुणी सांगितलं नाही.”

“तुला कशाला सांगतील? कुणाच्या लक्षातही नसेल.”

“मग त्यांच्यावर चिडायचं होतं.”

मी तिनं ठेवलेला पेला उचलून बाजूला सरकवला.

ती उशीला टेकून बसली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. “सातवं प्रकरण मी पाच वेळा वाचलं,” ती म्हणाली. “पाच वेळा. ती घरघर म्हणजे माझाच श्वास मोठा होतोय असं मला वाटायचं. तुम्ही म्हणालात ना कॅबिनेटमुळं नाही. मग मी श्वास धरून वाचायला लागले. वाक्य संपेपर्यंत श्वास घ्यायचा नाही. काल पण तसंच करत होते.”

“संयुक्ता…”

“तुम्ही जा आता ताई.”

मी उठले. तशीच मिरजेला गेले. सलीमभाई दुकानात एकटेच होते. मला बघून त्यांनी काही न विचारता मागच्या फळीवरून काळा कॅबिनेट काढला. तीन महिने तो तिथंच होता.

“त्या दिवशीच कळलं होतं मला,” ते म्हणाले. “मी बोलायला पाहिजे होतं. घरातलं काहीतरी असंल म्हणून गप्प बसलो.”

मी निघताना ते मागून म्हणाले, “माणूस लागतोय मला दुकानात. सांगून ठेवतो.”

दुपारी मी माडीवर फरशीवर बसले आणि काचेचा कॅबिनेट उघडला. दहा वर्षांनी हातात स्क्रूड्रायव्हर होता. संयुक्ता डॉक्टरांचं न ऐकता भिंतीला धरून वर आली आणि दाराजवळच्या स्टुलावर बसली. मी एकेक भाग काढून काळ्यात बसवत गेले. तिचे डोळे माझ्या हातांवर होते, आणि ते माझं कौतुक करायला नव्हते. मी मशीन सुरू केलं. दोन्ही मोठे पंखे सावकाश फिरायला लागले. ऐकू येत होता तो फक्त गल्लीतल्या कावळ्यांचा आवाज. तिनं खिडकी लावून घेतली, माइक सुरू केला, एक मिनिटभर काहीही न बोलता नुसती शांतता रेकॉर्ड केली आणि हेडफोन लावून ती ऐकली.

“ठीक आहे,” ती म्हणाली. माझ्याकडं न बघता.

चौथ्या दिवशी कंपनीचा मेल आला. अजून थांबता येत नाही म्हणून त्यांनी ती कादंबरी पुण्यातल्या दुसऱ्या एका बाईंना दिली होती. तिच्या वाचून झालेल्या सतरा प्रकरणांतलं एकही वापरलं जाणार नव्हतं. तिनं हे जेवताना सगळ्यांना सांगितलं. सासूबाई हळहळल्या. अजित म्हणाला, “त्या मशीननं घोळ घातला.” संयुक्तानं भात कालवला आणि म्हणाली, “हो, मशीननंच.” मी काय केलं ते तिनं त्या घरात कुणालाही सांगितलं नाही. दिरांनासुद्धा नाही. तिनं सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

जूनपासून मी सलीमभाईंच्या दुकानात जायला लागले. सासूबाई आठवडाभर धुसफुसल्या, मग गप्प झाल्या. संयुक्ताला पुढं दुसरी पुस्तकं मिळाली, एकामागून एक. आम्ही एकाच ओट्यावर स्वयंपाक करायचो, सणाला एकमेकींना हळदीकुंकू लावायचो. ती मला ताईच म्हणायची. पण कॉम्प्युटरबद्दल तिनं मला पुन्हा कधी काही विचारलं नाही.

पहिल्यांदा मशीनची साफसफाई करायची वेळ आली तेव्हा तिनं दुकानात फोन केला. फोन सलीमभाईंनी घेतला. “हो, पाठवतो,” म्हणाले, आणि पत्ता लिहिलेली चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. पत्ता आमच्या घराचा होता. मी पिशवी घेऊन आमचाच जिना चढले आणि दारावर टकटक केली.

“या,” ती म्हणाली.

मी काम करत होते तोवर ती दाराशी उभी होती. पाऊण तास. एकदाही जागची हलली नाही. दोन वर्षांनी हार्ड डिस्क बदलायची होती, तेव्हाही तसंच. मी पण ते मानून घेतलं होतं. गिऱ्हाइकाला बघायचा हक्क असतो.

या सगळ्याला आता सात वर्षं झाली. गेल्या महिन्यात दुकानात पुन्हा तिचा फोन आला. एक पंखा कुरकुरतोय म्हणाली. मी पंखा घेऊन गेले, फरशीवर बसले, मशीन बंद करून दार काढलं. बेअरिंग गेलं होतं. ती नेहमीसारखी दारात उभी होती.

“किती वेळ लागेल?”

“अर्धा तास. धूळ पण काढते.”

ती थोडा वेळ उभी राहिली. खालून सासूबाईंनी कशासाठी तरी हाक मारली.

“मग मी भाजी टाकून येते,” ती म्हणाली, आणि गेली. जिन्यावरची तिची पावलं खालपर्यंत वाजली. मग स्वयंपाकघरात कढई ठेवल्याचा आवाज आला.

खोलीत मी एकटी होते. माझ्यापुढं तो काळा कॅबिनेट उघडा, आणि त्यातल्या दोन डिस्कवर तिनं एवढ्या वर्षांत वाचलेलं सगळं. खाली सोप्यात तीर्था कानात वायरी घालून काहीतरी ऐकत होती. कोणाचा आवाज असणार ते मला माहीत होतं. ती मोठ्यानं हसली तसं मला पूर्वीसारखंच खुपलं. ते गेलेलं नाही. जाईल असंही मला वाटत नाही.

मी जुना पंखा काढला. पात्यांखालची धूळ ब्रशनं झाडली, नवा बसवला, चारही स्क्रू एकेक करून घट्ट केले आणि दार लावलं. मशीन सुरू करून कान लावून ऐकलं. मग ती वर येईपर्यंत तिथंच बसून राहिले.